टप्पा पडायच्या आधी

लॉन टेनिस या नावातला 'लॉन' हा शब्द उभ्या दिल्लीत एकाच माणसानं जिवंत ठेवला होता, असं माझं ठाम मत आहे, आणि ते बदलण्याची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटत नाही. ते माझ्या वडिलांचे मंत्रालयातले सहकारी. दक्षिण दिल्लीतल्या आमच्या सरकारी कॉलनीत समोरच्या ब्लॉकमध्ये, तळमजल्यावर राहायचे. कॉलनीतल्या झाडून सगळ्या मराठी पुरुषांना आम्ही मुलं काकाच म्हणायचो, पण नुसतं 'काका' म्हटलं की ते समोरच्या ब्लॉकमधलेच. बाकीच्यांना पुढे नावं जोडावी लागत. उंच, किडकिडीत, डोक्यावर मोजके केस आणि तेही पुढे धावत निघाल्यासारखे. ऑफिसला जाताना सफारी सूट आणि उरलेल्या वेळात पांढरे कॅनव्हासचे बूट, जे तळापासून घोट्यापर्यंत हिरवे झालेले असत. काकू ते बूट दर रविवारी घासून धूत आणि सोमवारी ते पुन्हा हिरवे होत. एखाद्याला पदकाचा असावा तेवढा काकांना त्या डागांचा अभिमान होता.

दोन्ही ब्लॉकांच्या मधे, कडुनिंबांच्या रांगेपलीकडे, गवताचं एक टेनिस कोर्ट होतं. स्वातंत्र्यानंतर कॉलनी बांधली तेव्हा कुणा हौशी इंजिनिअरनं ते नकाशात आखून टाकलं आणि त्याची बदली झाल्यावर ते पोरकं झालं. मी शाळेत जायला लागले, म्हणजे घरोघरी काळ्या-पांढऱ्या टीव्हीचं कौतुक होतं तेव्हा, काकांनी त्याचं पालकत्व आपण होऊन घेतलं होतं. गवत म्हणजे आपली साधी हरळी. पूजेत तिला दूर्वा म्हणतात आणि दिल्लीकर दूब म्हणतात. दिल्लीच्या उन्हाळ्यात ती पिवळी पडे, थंडीत झोपी जाई आणि पावसाळ्यात अशी माजे की चेंडू शोधायला माणूस लावावा लागे. खेळण्यासारखे दिवस वर्षात फार नसायचे, आणि उरलेले सगळे दिवस काका त्या दिवसांची तयारी करत. पाणी मारणं, रोलर फिरवणं, टक्कल पडलेल्या जागी हरळीच्या मुळ्या लावणं. त्यांच्या स्वतःच्या डोक्याची इतकी काळजी त्यांनी कधी घेतली नाही, असं काकू म्हणत.

गवतावर कोणता खेळ चालतो याबद्दल काकांचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकल्याशिवाय कॉलनीतलं एकही मूल मोठं झालेलं नाही. मातीच्या कोर्टावर चेंडू उसळी घेतो, तुमची वाट बघत हवेत ताटकळतो. गवतावर तो ताटकळत नाही. घसरतो, खाली राहतो, आणि एखाद्या उंचवट्यावर पडला तर कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून गवतावर शहाण्या माणसानं चेंडूला टप्पाच पडू द्यायचा नाही. जोरात सर्व्हिस करायची, तिच्या मागोमाग धावत नेटपाशी यायचं, गुडघे वाकवायचे आणि चेंडू हवेतल्या हवेत परतवायचा. मागून मारायचा झालाच तर रॅकेट वरून खाली आणून कापून मारायचा, म्हणजे तो आणखी खाली बसेल आणि समोरच्याला जमिनीशी वाकायला लागेल. रॅकेट खालून वर घासून चेंडूला फिरकी देणारे, बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे तीन पावलांवर उभे राहून दिवसभर उंच उंच चेंडू मारणारे लोक त्यांच्या लेखी मातीवरचे. 'मातीवरचा आहे,' असं त्यांनी एखाद्याबद्दल म्हटलं की त्या माणसाचा निकाल लागला. मंत्रालयातले निम्मे सहसचिव मातीवरचे होते. माझे वडीलही.

सिद्धांत कोर्टावरच थांबला असता तर ठीक होतं. पण टप्पा न पडू देण्याची सवय काकांच्या अंगात इतकी मुरली होती की त्यांच्या दारावरची घंटा कुणी कधी वाजवल्याचं मला आठवत नाही. पायरीवर पाऊल ऐकलं की दार उघडून ते उभे. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्यांना जमत नसे. आई एकदा सांगायला गेली, "काका, उद्या संध्याकाळी आमच्याकडे..." तर काका म्हणाले, "येतो, आठ वाजता, श्रीखंड फार गोड करू नका." आई सत्यनारायणासाठी त्यांचे पाट मागायला गेली होती. तिनं निमूटपणे श्रीखंड केलं. डीटीसीची बस पूर्ण थांबायच्या आत ते चढत आणि पूर्ण थांबायच्या आत उतरत, त्यामुळे तिच्यात बसल्याचा आनंद त्यांना फारसा मिळाला नसावा. फाइल टेबलावर टेकायच्या आत तिच्यावर त्यांचा शेरा पडे. त्यांच्या हाताखालचा कारकून वडिलांना सांगायचा की साहेबांनी एकदा दुसऱ्या विभागाची फाइल जाता जाता हवेतच निकालात काढली आणि ती परत मागवायला तीन महिने लागले.

पानिपतचाही त्यांनी या सिद्धांतानं फडशा पाडला होता. जानेवारीत, लढाईच्या स्मृतिदिनाला, आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतच्या काला अंब स्मारकाला जायची. दिल्ली छावणीतल्या आपल्याकडच्या जवानांची कुटुंबंही असायची. एका वर्षी स्मारकापाशी डबे उघडल्यावर काकांनी बोलायला सुरुवात केली. महिनोन् महिने एका जागी तळ ठोकून बसलो, म्हणजे बेसलाइनवर उभे राहिलो, शत्रू आपल्याकडे यायची वाट बघितली, पुढे यायचं तेव्हा आलोच नाही. मंडळी हसत होती, काकू त्यांच्या सदऱ्याची बाही ओढत होत्या. साताऱ्याकडचे एक सुभेदार गुडघ्यावर डबा ठेवून ऐकत बसले होते. काकांचं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "साहेब, त्यांच्या पोटात अन्न नव्हतं." परतीच्या प्रवासात काका खिडकीबाहेर सोनीपतपर्यंत शेतं बघत बसले. चेंडू टप्पा पडून अंगावर आलेला मी त्यांच्याबाबतीत तेव्हा पहिल्यांदा बघितला.

त्यांची आणखी एक विद्या होती, गवत वाचायची. खेळ कसा झाला ते गवतावर उमटतं, असं ते म्हणत, आणि ते खरं होतं. पुढे येणारा खेळाडू असेल तर बेसलाइनच्या मध्यापासून नेटपर्यंत पायवाट पडते. मागे राहणारा असेल तर बेसलाइनवरच घासून माती दिसायला लागते आणि पुढचं सगळं गवत हिरवंगार, कुणी न वापरलेलं. एका सकाळी मला नि माझ्या भावाला बोलावून त्यांनी विचारलं की काल दुपारी आम्ही दोघं किती वाजता खेळलो. आम्ही शपथेवर नाही म्हणालो. त्यांनी वाकून बेसलाइनमागची खरवडलेली हरळी दाखवली आणि म्हणाले, "डावखुरा मुलगा आणि दोन हातांनी बॅकहँड मारणारी मुलगी. कॉलनीत अशी दुसरी जोडी असेल तर नाव सांगा." लंडनची ती प्रसिद्ध स्पर्धा टीव्हीवर लागली की ते खेळाडूंकडे कमी आणि त्यांच्या पायाखाली जास्त बघत. पुढेपुढे त्या कोर्टांच्या मधली पायवाट पुसट होत गेली, मागेच मातीचे पट्टे दिसायला लागले. तेव्हा एखादं गाव ओस पडल्याची बातमी ऐकावी तसे काका टीव्हीसमोर बसून राहत.

मी बारा वर्षांची असताना शाळेतल्या सिमेंटच्या कोर्टावर टेनिस शिकले. म्हणजे रॅकेट खालून वर घासणारी, तीन पावलं मागे उभी राहणारी अट्टल मातीवरची. काकांनी माझ्यासाठी शिक्षावजा शिक्षण काढलं. सकाळी सहाला कोर्टावर पडलेल्या निंबोळ्या एकेक करून वेचायच्या, कमरेत न वाकता गुडघ्यात वाकून. आधी गुडघे, मग गवत. दोन पावसाळे मी निंबोळ्या वेचल्या. खेळ काही बदलला नाही, पण त्यामुळे मला एक गोष्ट बघायला मिळाली जी कॉलनीत फारशी कुणाला ठाऊक नव्हती. रोज सकाळी काका ज्यांच्याशी खेळत त्या काकू होत्या.

काकू ठेंगण्या, गोल, शांत. पदर कमरेला खोचलेला, पायात मुलाचे जुने बूट. त्या बेसलाइनच्या मागे उभ्या राहत आणि तिथून हलत नसत. काका सर्व्हिस करून वाघासारखे धावत नेटपाशी येत, आणि काकू चेंडू त्यांच्या डोक्यावरून अलगद उंच टाकत. काका उलटे धावत. पुन्हा पुढे येत, पुन्हा डोक्यावरून. जो खेळ गवतावर चालत नाही म्हणून काकांनी कॉलनीला पटवून दिलं होतं तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच गवतावर, रोज सकाळी चालत होता. मी एकदा धीर करून विचारलं की कोण जिंकलं. काका म्हणाले की आम्ही गुण मोजत नाही. ते चेंडू आणायला गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "मोजले तर उद्या यायचे नाहीत."

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, दूर्वांवरून. काकू आमच्या गणेशोत्सवाच्या महिला विभागाच्या प्रमुख होत्या आणि दहा दिवस रोजच्या एकवीस जुड्या कुठून आणायच्या हा त्यांच्यापुढे दरवर्षीचा प्रश्न. त्यांना घराच्या खिडकीतून दिल्लीतली सर्वांत कोवळी, सर्वांत लुसलुशीत हरळी दिसत असायची आणि तिला हात लावायची बंदी होती. बायका परडी घेऊन आल्या की काका रोलर घेऊन मध्ये उभे राहत. शेवटी तह झाला, बेसलाइनच्या मागची चार हात पट्टी देवाची, पुढचं सगळं काकांचं.

मग एका वर्षी पावसाळ्यात देखभाल खात्याचं पत्र आलं. गवताच्या कोर्टाला पाणी फार लागतं, खेळणारे कमी आहेत, तरी तिथे सिमेंट करून स्कूटरी लावायची सोय करावी, असा विचार आहे. साहेब पाहणीला येतील. निदान दहा-बारा रहिवासी खेळताना दिसले तर पुनर्विचार होईल. काकांनी ते पत्र वडिलांना दोनदा वाचून दाखवलं. खेळणारे होते कुठे? 'मातीवरचा आहे' म्हणून त्यांनी स्वतःच एकेकाला हाकलून दिलं होतं. उरले होते ते स्वतः आणि तिसऱ्या ब्लॉकमधले एक तमिळ गृहस्थ, ज्यांना नेटपाशी यायला आवडायचं कारण त्यांना लांबचं दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा काका लोकांच्या दारी जाऊन घंटा वाजवून उभे राहिले. कुणी फार मनावर घेतलं नाही. स्कूटरी सगळ्यांकडेच होत्या.

काकूंनी महिला विभाग जमवला. अकरा जणी. कुणाच्या हातात टेनिसची रॅकेट, कुणाच्या हातात मुलाची बॅडमिंटनची. काकांनी त्यांना दोन संध्याकाळ बसवून एकच शिकवलं, नेटपाशी उभं राहायचं आणि गुडघे वाकवायचे, बाकी देवावर सोडायचं. ठरलेला दिवस होता सोमवार. पण साहेब ते साहेब, सोमवारी आले नाहीत, मंगळवारी आले नाहीत, आले ते थेट हरितालिकेच्या सकाळी, म्हणजे दुसऱ्या दिवशी गणपती. निरोप आल्यावर बायका रॅकेटी घेऊन कोर्टावर जाऊन उभ्या राहिल्या. तासभर झाला, साहेबांचा पत्ता नाही. रात्री पाऊस पडून गेला होता. पायाखाली तीन-तीन पात्यांची कोवळी दूर्वा चमकत होती आणि जुड्या अजून व्हायच्या होत्या. पहिली कोण वाकली ते कळलं नाही. पाच मिनिटांत सगळ्या वाकलेल्या, नेटपासून बेसलाइनपर्यंत, आणि रॅकेटी उताण्या पडून त्यांच्यावर दूर्वांचे ढीग. नेमकी तेव्हाच जीप आली.

साहेब उत्तर प्रदेशातले, कपाळावर गंध, हातात फाइल. त्यांनी बराच वेळ बघितलं. काका घाईघाईनं पुढे झाले आणि म्हणाले, "देखिए सर, घुटने कितने अच्छे मुड़े हैं।" साहेबांनी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. त्यांनी काकूंना विचारलं की हे काय चाललंय. अकरा जणींत काकूच तेवढ्या ताठ उभ्या होत्या, नेटच्या खांबाला हात धरून. त्या म्हणाल्या, "पूजा की दूब है, भाईसाहब। कल गणेशजी बैठेंगे।"

साहेबांनी बूट काढले. गवताच्या कडेला हात जोडले आणि निघून गेले. सिमेंटचा विषय त्या फाइलीतून कायमचा नाहीसा झाला. पंधरा दिवसांनी कोर्टाच्या तोंडाशी खात्याची पाटी लागली: 'पूजा की दूब। कृपया जूते पहनकर न आएँ।'

काका पाटीसमोर किती वेळ उभे होते कोण जाणे. गवत वाचलं होतं आणि टेनिस गेलं होतं. ते वडिलांना म्हणाले, "सर्व्हिस बरोबर पडली, नेटपर्यंत पोचलो, आणि चेंडू डोक्यावरून गेला." दोन दिवस कोर्टावर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघितलं तर दोघं अनवाणी खेळत होते. पाटीवर बुटांना बंदी होती, खेळाला नव्हती. पण अनवाणी पायांनी दवातून धावत नेटपाशी येणं काही जमेना. दोनदा घसरून पडल्यावर काका मागेच राहायला लागले. दवामुळे, तात्पुरतं, असं त्यांनी मी न विचारता सांगितलं.

त्याच महिन्यात एका रविवारी ते आमच्या दाराशी आले. घंटा वाजवली. मी दार उघडेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले की ती तुझी खालून वरची फिरकी आहे ना, चेंडू उंच उसळवणारी, ती कशी मारतात ते मला दाखव. मला वाटलं थट्टा करतायत. मी हसून म्हटलं, "काका, गवतावर ती चालत नाही. तुम्हीच सांगितलंत."

"माझा कापलेला चेंडू खाली राहतो," काका म्हणाले. "तुझ्या काकूला आता वाकवत नाही. त्या दिवशी सगळ्या दूर्वा खुडत होत्या, ही खांब धरून उभी होती. मी बघत होतो. महिनाभर ती चेंडू सोडून देते आणि म्हणते, दिसला नाही."

मी त्यांना शिकवलं. पंचावन्न वर्षांच्या मनगटाला ते सोपं नव्हतं. तीस वर्षं वरून खाली येणारी रॅकेट खालून वर जायला तयार होईना, चेंडू कडुनिंबात जाऊन बसत. काकांनी जिद्द सोडली नाही, निंबोळ्या आता ते वेचत होते. थंडी पडायच्या आधी जमलं. काकांचा चेंडू त्या ओल्या, लबाड गवतावर पडायचा आणि सरळ काकूंच्या कमरेइतका उंच येऊन ताटकळायचा, जणू हातात ठेवल्यासारखा. काकू उभ्या उभ्या तो परत मारायच्या. कापलेला चेंडू मारणं सोपं असतं, पण गवतावरून चेंडू उठवायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. काका निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं रोज सकाळी हे चाललं. कोर्टाच्या मधली पायवाट भरून आली, आणि मागे, दोन्ही टोकांना, समोरासमोर दोन मातीचे ठिपके तेवढे उरले.

निवृत्तीनंतर सरकारी घर सुटलं आणि ते नोएडाच्या एका सेक्टरमध्ये सातव्या मजल्यावर राहायला गेले. काकू जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा गणपतीच्या आधी मी मुलीला घेऊन भेटायला गेले होते. लिफ्टमधून बाहेर आले तर दार बंद होतं, घंटा वाजवावी लागली, आणि काकांना यायला वेळ लागला. टीव्हीवर कुठला तरी जुना सामना चालू होता. मुलगी दिल्लीतच वाढलेली, हल्ली टेनिस शिकते. तिनं विचारलं, "आजोबा, ग्रासवर कोणता गेम बेस्ट असतो, बताओ ना." मी सावरून बसले, कारण आता अर्धा तास तरी सुटका नव्हती.

काकांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाले, "समोर कोण आहे ते आधी बघावं, बाळा." आणि तेवढंच.

निघताना त्यांनी मला बाल्कनीत नेलं आणि म्हणाले की दूर्वा माजल्यात, चार जुड्या घेऊन जा, विकतच्या कशाला. एका रुंद कुंडीत त्यांनी हरळी लावली होती, कॉलनीच्या कोर्टावरून आणलेल्या मुळ्यांची. कुंडी लोखंडी घडवंचीवर ठेवली होती आणि घडवंचीखाली दोन विटा सरकवलेल्या होत्या. काका माझ्यापेक्षा हातभर उंच, ती कुंडी त्यांच्या सोयीची नव्हती. ती एका ठेंगण्या बाईच्या कमरेइतक्या उंचीवर होती, न वाकता खुडता येईल अशी, आणि त्या विटा अजून कुणी काढलेल्या नव्हत्या.